आईच्या फोनचा बिघाड

गावाकडून मला जे फोन येतात ते बहुतेक फोनबद्दलच असतात. कुणाचा चार्ज होत नाही, कुणाचा मधेच बंद पडतो, कुणाला पोरीसाठी नवा घ्यायचा असतो. "तुला त्यातलं कळतंय, कुठला घिऊ सांग," म्हणतात. मी आठवीतून शाळा सोडलेला माणूस. तमिळनाडूतल्या एका गावात गलाईच्या दुकानात, म्हणजे सोनं-चांदी आटवून शुद्ध करायच्या कामावर असतो. आमच्या खानापूर तालुक्यातली कितीतरी घरं ह्या धंद्यापायी देशभर पांगलीत, त्यात माझं काही वेगळं नाही. मला फोनमधलं जे थोडंफार कळतं ते आमच्या दुकानाखाली बसणाऱ्या एका मोबाईल मिस्त्रीमुळं. काम नसलं की मी त्याच्याजवळ स्टुलावर जाऊन बसायचो. त्याला मराठी येत नव्हतं, मला तमिळ येत नव्हतं, दोघांचं हिंदी मोडकं. तरी त्यानं मला कधी उठ म्हटलं नाही. परमुलखात कुणी उठ म्हणत नाही, हे लय मोठं असतं.

तर त्याच्याकडं बघून शिकलेलं मी लोकांना सांगतो. चार्ज होत नसेल तर आधी वायर बदला, मग दुसऱ्याच्या चार्जरला लावा, मग भोकात कचरा अडकलाय का बघा. नवा फोन सगळ्यात शेवटी. म्हाताऱ्या माणसाला घेताय तर दुकानात नुसती रिंग वाजवून बघू नका, बाहेरून कुणालातरी फोन लावायला सांगा आणि बोलणं ऐकून बघा. एवढं सगळं मी शहाण्यासारखं सांगतो. पण माझ्या आईला मी लागोपाठ तीन फोन घेऊन दिले आणि बिघाड तिन्हीपैकी एकातही नव्हता.

आई पिठाची गिरणी चालवते. वडील गेल्यावर तिनं ती बंद पडू दिली नाही. मी चौदाव्या वर्षी भावकीतल्या अण्णांबरोबर दक्षिणेत आलो. अण्णांनी मला पोटच्या पोरासारखं सांभाळलं, धंदा शिकवला, त्यांचं नाव निघालं की आजही माझे हात आपोआप जोडले जातात. पण घर ते घर. वर्षातून एकदा, चैत्रात, गावच्या जत्रेला जायचो. बाकीचं सगळं वर्ष फोन. आईला लिहिता-वाचता येत नाही, त्यामुळं चिठ्ठी नाही, मेसेज नाही. ती बोलणार आणि मी ऐकणार, मी बोलणार आणि ती ऐकणार, आमच्यात एवढा एकच रस्ता होता. तो बंद पडू नये म्हणून मी लय जपायचो. दुपारी जेवायच्या सुट्टीत फोन करायचो आणि एका रिंगेत उचलला नाही तर घास गिळायचा नाही.

एक दिवस ती म्हणाली, "तुझा आवाज हिरीतनं आल्यागत येतोय रं."

मी लगेच मिस्त्री झालो. "आये, कानाला लावतीस तितं वर बारकी जाळी हाय बघ. पीठ बसलं आसंल. दात घासायचा ब्रश घे, कोरडा. पाणी लावू नको. सुई घालू नको."

तिनं शेजारच्या वहिनींना हाक मारली. त्या आईला आत्ती म्हणतात. त्यांचा नवरा फौजेत, त्यामुळं घरात फोनचा वापर जास्त. त्यांनी ब्रशनं जाळी साफ केली आणि फोन कानाला लावून म्हणाल्या, "आवं भावजी, ह्यातनं तर चपातीभर पीठ निघालं!"

आम्ही तिघंही हसलो. मला तर बरंच वाटलं. रोग सापडला होता. पण चार दिवसांनी पुन्हा तेच. मग मी ठरवलं की पीठ आतपर्यंत गेलंय, फोनच गेला. मोठ्या बटणांचा, मोठ्या आवाजाचा दुसरा पाठवला. त्याचा आवाज इतका मोठा की मी इथं खोकलो तर गिरणीत दळण घेऊन बसलेल्या बायका तिथं म्हणायच्या, "पोराला काढा दे म्हणावं." दोनेक वर्षं तो चालला. मग आई म्हणायला लागली, "तू तोंडात काय धरून बोलतोस व्हय?" मी नेटवर्कला दोष दिला. कार्ड बदलायला लावलं. तिला गिरणीच्या दारात, मग पारावर, मग शाळेच्या कट्ट्यावर उभं केलं. साठीची बाई फोन कानाला लावून गावभर फिरली, कारण मी इथून सांगत होतो, अजून थोडं पुढं जा, अजून थोडं पुढं.

तिसरा टचवाला घेतला, तोंड दिसतं म्हणून. काचेवरचा कागद वरच्या जाळीवर आला असेल असं समजून तो वहिनींना काढायला लावला, मागचं रबरी कव्हरही काढायला लावलं. मी जे जे शिकलो होतो ते सगळं करून बघितलं. खाली मिस्त्रीला विचारलं तेव्हा त्यानं डोकं वर न करता विचारलं, "फोन ठीक है. माँ का कान देखा?" मला त्याचा राग आला होता. आईचा कान कशाला बघायचा, ती तर माझ्याशी रोज बोलते.

गिरणीत सगळेच ओरडून बोलतात. पट्टा फिरत असला की शेजारच्या माणसालाही ओठांवरूनच कळतं. तीस वर्षं आई तशीच बोलत होती, तशीच ऐकत होती. दळण बारीक येतंय का जाड ते ती आवाजावरून नाही, गिरणीच्या अंगावर तळहात ठेवून ओळखायची. त्यामुळं कुणाला काही वेगळं वाटलंच नाही. मलाही नाही.

त्या वर्षी जत्रेला पोचलो तेव्हा लाईट गेली होती. गिरणी बंद. एवढी शांतता मी तिथं क्वचित अनुभवली असेल. आई दाराकडं पाठ करून डब्यांची झाकणं लावत होती. मी उंबऱ्यात उभा राहून म्हटलं, "आये." तिनं पुढचा डबा घेतला. "आये, आलो." तिनं झाकण दाबलं. तिसऱ्यांदा मी मोठ्यानं हाक मारली, तेव्हा रस्त्यावरून जाणारा एकजण थांबला, आई नाही. मग माझी सावली समोरच्या डब्यांवर पडली आणि ती दचकून वळली.

"आलास व्हय! मग हाक न्हाई का मारायची?"

पिशवी खाली ठेवली आणि पाया पडलो, म्हणजे तोंड दिसू नये म्हणून.

वहिनींना गाठलं तर त्यांनाच नवल. "तुमास्नी म्हाईत न्हवतं व्हय, भावजी? सगळ्या गल्लीला ठावं हाय. आत्तीच म्हणत्यात, त्येला सांगू नगा, तिकडं जीवाला घोर लावून घील."

चौथ्या दिवशी तिला घेऊन साताऱ्याला गेलो. औंधच्या वाटेनं एसटी जाते. डोंगरावरचं देऊळ दिसल्यावर आईनं खिडकीतूनच यमाईला हात जोडले आणि मला म्हणाली, "कानासाठी न्हाई मागितलं. तुझ्यासाठी मागितलं." बसच्या खडखडाटात ती हे एवढ्यानं बोलली की पुढच्या दोन सिटा वळून बघायला लागल्या.

साताऱ्यात कान तपासणाऱ्या बाईंनी तिला काचेच्या खोलीत बसवलं, कानाला मोठे हेडफोन लावले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. आई भराभर बटण दाबायला लागली. मला वाटलं, चला, एवढं काही बिघडलेलं नाही. पण बाई बाहेरून म्हणाल्या, "आजी, माझ्या हाताकडं बघू नका."

"मग दाबायचं कवा, कसं कळायचं?" आई म्हणाली.

बाई हसल्या. मीही हसलो. मग त्यांनी तिची खुर्ची भिंतीकडं फिरवली आणि त्यानंतर कितीतरी वेळ आईचं बोट हललं नाही.

मशीन बसवलं. कानामागं बसणारं, चिंचोक्याएवढं. बाईंनी मला सगळं समजावून सांगितलं आणि त्यांनी घाई केली नाही, ह्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. रोज घालायचं. फक्त अंघोळीला आणि झोपताना काढायचं. सेल बटणाएवढा असतो, त्यावर एक रंगीत स्टिकर असतो. वापरायच्या वेळीच तो काढायचा, कारण तो काढला की सेलला हवा लागते आणि सेल सुरू होतो. मग घाला नाहीतर डब्यात ठेवा, दोनेक आठवड्यांत तो संपतोच. मी मान डोलावत होतो. वर्षभर पुरतील एवढे सेल बरोबर घेतले. स्टँडवर आल्यावर आई एकदम थांबली. हात कानाजवळ नेला, खाली घेतला, पुन्हा नेला.

"ह्या बांगड्या वाजत्यात की रं," ती म्हणाली.

हळू आवाजात म्हणाली. आईचा हळू आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

जाताना मी सगळं कागदावर लिहून गिरणीच्या भिंतीला चिकटवलं आणि वहिनींना दोनदा वाचून दाखवलं. आईला तोंडी सांगितलं. इकडं आल्यावर दीड-दोन महिने असे गेले की काय सांगू. मी कुजबुजल्यासारखं बोलायचो आणि ती पलीकडून लगेच उत्तर द्यायची. भट्टीचं, अण्णांचं, सोनं शुद्ध करायच्या तेजाबानं बोटांची कातडी कशी गुळगुळीत झालीय आणि माझा फोन माझंच बोट कसा ओळखत नाही, असलं सगळं सांगायचो. ती खुदकन हसायची. मी खाली मिस्त्रीला चहा पाजला आणि सांगितलं, तू बरोबर होतास.

पावसाळ्यात वहिनींना नवऱ्याच्या बदलीच्या गावी क्वार्टर मिळालं, त्या पोरांना घेऊन तिकडं गेल्या. जाताना आईला व्हिडिओ कॉल उचलायला शिकवून गेल्या. मी रोज बघायचो, आईच्या कानात मशीन असायचं. ती जरा मोठ्यानं बोलायला लागली होती, उत्तरं तुटक यायला लागली होती, पण मशीन दिसतंय म्हटल्यावर माझी तपासणी तिथंच संपायची. जेवलास का, पाऊस हाय का, अंगात बरं हाय का. बरं झालं. ऱ्हा सुखात.

नवरात्रात विट्याहून एका मित्राचा फोन आला. त्यानं मोबाईल दुरुस्तीचा गाळा घेतला होता. "एकट्याला हुईना गड्या. तुला हातातलं काम येतंय. ईतोस का? पण आठ दिवसांत सांग." विटा म्हणजे आमच्या गावापासून अर्ध्या तासाचा रस्ता. मी दोन दिवस काही खाल्लं नाही नीट. अण्णांना सोडायचं कसं, हा एक घोर. तिथं जमलं नाही तर गावात तोंड कसं दाखवायचं, हा दुसरा. आणि आईला काय वाटेल, हा सगळ्यात मोठा. मी परत आलेलं तिला कमीपणाचं वाटलं तर? म्हणून तिलाच विचारायचं ठरवलं. तिनं ये म्हटलं की अण्णांचे पाय धरायचे आणि निघायचं.

मी जिन्यात जाऊन बसलो. व्हिडिओ लावला. आजूबाजूला माणसं होती म्हणून हळूच बोललो. "आये, इट्याला काम मिळतंय. हितं माझं मन लागंना झालंय. येऊ का परत?"

आईनं माझ्याकडं नीट बघितलं. डोळे बारीक केले. मग मान हलवून म्हणाली, "बरं झालं. बरं झालं. तिकडंच सुखात ऱ्हा बाबा."

मी पुन्हा विचारलं नाही. एकदा विचारायलाच मला दोन दिवस लागले होते. आई नको म्हणते म्हणजे तिचा काहीतरी विचार असणार. मित्राला नाही म्हणून कळवलं. त्या दिवसानंतर मी तिच्याशी कमी बोलायला लागलो. रोजचा फोन दोन दिवसांआड केला. हे मला कुणाला सांगता आलेलं नाही, इथं लिहितोय. मी आईवर रुसलो होतो.

पुढच्या चैत्रात गावी गेलो ते नव्या सेलचं पाकीट घेऊन. आईनं ते घेतलं, उलटसुलट केलं आणि म्हणाली, "कशाला आणलंस? हायत की आजून."

भिंतीतल्या देवळीतून तिनं एक स्टीलचा डबा काढला. त्यात रुमाल, रुमालात मशीन. आणि शेजारी काचेच्या बारक्या बाटलीत सगळे सेल, एकूण एक, स्टिकर काढून, पुसून चकचकीत करून ठेवलेले. एकही जिवंत नव्हता.

मी तिला खुणेनं विचारलं, हे काय?

ती लहान मुलीसारखी बोलायला लागली. "तुजी वहिनी हुती तवर ती रोज घालाय लावायची. ती गेल्यावर म्हटलं, रोज पिठात घालून खराब करायचं व्हय? येवढी चांगली वस्तू. लगनाला, जत्रंला घालायची म्हणून ठिवली. त्या सेलास्नी कागद चिकाटल्यालं, म्हटलं आयत्या वक्ताला माझ्या नखाला निघायचं न्हाईत, म्हणून समद्याचं काढून ठिवलं. मग एका बारशाला घातलं तर बंदच. दुसरा घातला, तरी बंद. म्हटलं, माझ्या हातनं मोडलं."

"कवापास्नं?" मी ओरडून विचारलं. तिला कळलं नाही. बोटांनी, खुणेनं, दिवाळी का, पाऊस का, असं करत विचारलं.

"आखाडापास्नं," ती म्हणाली. "तू फोन लावलास की घालायची. तुला दिसावं म्हणून."

आखाड आधी येतो, नवरात्र नंतर. हा हिशेब कुणालाही येतो. मी भिंतीवरचा माझा कागद बघितला. पिठानं पांढरा झाला होता. अक्षर चांगलं काढलं होतं मी. वाचणारी होती ती गेली आणि जिच्यासाठी लिहिलं तिला वाचता येत नव्हतं. हे मला, फोनमधलं सगळं कळणाऱ्या माणसाला, सुचलं नव्हतं. शिवाय बंद मशीन म्हणजे कानात घातलेला बोळाच. थोडंफार येत असेल तेही तिनं माझ्याशी बोलताना बुजवून घेतलं होतं.

पुन्हा साताऱ्याला गेलो. त्याच बाई होत्या, त्यांनी ओळखलं. मशीन सुरू केलं, नवा सेल घातला, आवाज वाढवला. आई बराच वेळ ऐकत राहिली.

"काय ऐकू येतंय, आजी?"

"गिरणी चालल्यागत वाटतंय," आई म्हणाली.

बाईंनी मला बाजूला घेतलं. कान मधल्या काळात आणखी उतरलाय, म्हणाल्या. आवाज आत जातोय, पण त्यातून शब्द सुटे होत नाहीत. बरेच दिवस ऐकलं नाही की माणसाची ती सवय मोडते. रोज घालत राहा, थोडाफार फरक पडेल, पण पहिल्यासारखं होईल असं त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं, ह्याच्यापेक्षा भारी मशीन? त्यांनी नाही म्हणून मान हलवली. मला खोटं सांगून दुसरं मशीन गळ्यात मारता आलं असतं, ते त्यांनी केलं नाही.

जायच्या आदल्या दिवशी दुपारी गिरणी सुरू होती. मी आईच्या कानाशी तोंड नेलं. तिला सांगायचं होतं की मी तुला विचारलं होतं, आणि तू ऱ्हा म्हणालीस. "आये, म्या इचारलं हुतं तुला..."

"काय?"

"येऊ का म्हणून इचारलं हुतं!"

"कोण येणार हाय?"

मी श्वास घेतला, आणखी मोठ्यानं ओरडायला. तेवढ्यात ज्वारीचा डबा घेऊन आलेला एकजण वळून बघायला लागला, दारातल्या दोन बायका गप्प झाल्या. तिकडं माझं मन लागत न्हाई, हे वाक्य ओरडता येत नाही. मी करून बघितलं, तोंडातून निघत नाही. मी खिशातून चार्जर काढून तिला दाखवला आणि म्हटलं, "फोन चार्जिंगला लाव!"

"लावलाय की," ती म्हणाली. चार्जर ओळखून म्हणाली.

विट्याच्या गाळ्यात आता दुसराच माणूस बसतो. मित्र म्हणतो, पुढंमागं बघू. मी इथंच आहे. आई आता मशीन रोज घालते, पिठाचं असू दे नाहीतर कशाचं असू दे. वहिनी लांबून आठवड्याला फोन करून तिला सेल बदलायची आठवण करून देतात, म्हणजे रिंग देतात, आणि रिंगेची थरथर हाताला लागली की आईनं सेल बघायचा, असं त्यांनी ठरवलंय. त्यांचे उपकार कसे फेडू.

परवा दुपारी व्हिडिओ लावला. जिन्यात कुणी नव्हतं. आईच्या कानात मशीन, सेल कालच बदललेला. मी पुन्हा विचारलं, हळूच, कारण तसंच विचारता येतं. "आये, येऊ का परत?"

ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

"आमच्याकडं बी पाऊस झाला काल," ती म्हणाली. "वळवाचा. चांगला झाला."

मी मान हलवली.

"जेवलास का?"

मी अजून जेवलो नव्हतो. भट्टीवर काम चालू होतं, डबा उघडायचा होता. पण ते सांगायला शब्द लागले असते. मी शेजारच्या पायरीवर धुऊन ठेवलेलं रिकामं ताट उचललं आणि कॅमेऱ्यासमोर धरलं.

"बरं झालं," आई म्हणाली.